लासलगावच्या आकाशातली फट

१

रविवार, ५ जानेवारी २००३. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सभागृहात लांब टेबलांवर एकसष्ट चित्रे मांडलेली होती आणि त्यांतल्या एकोणसाठ चित्रांकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

उरलेली दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्ही एकाच लाकडी ठोकळ्यावरून छापलेली, दोहोंचे नाव ‘लासलगाव : सकाळचा लिलाव’. ट्रॅक्टरांच्या रांगा, कांद्याचे ढीग, ढिगावर उभा राहून बोली पुकारणारा माणूस आणि त्याच्यामागे काळेभोर आकाश. डावीकडच्या प्रतीखाली पेन्सिलीने लिहिले होते ४/२०, म्हणजे विसांतली चौथी प्रत, उजवीकडच्या प्रतीखाली १८/२०.

“शिरसाठकाका, तुम्ही कारखान्यातली माणसं. तुम्हीच सांगा,” अमित देवरे म्हणाला. प्रदर्शनाची सूची तयार करायला तो मुंबईहून आला होता. “फट पडलेलं लाकूड पुन्हा सांधतं का?”

“नाही.”

“मग हे बघा.”

चौथ्या प्रतीत आकाशाच्या वरच्या कडेपासून एक पांढरी रेघ केसासारखी खाली उतरली होती. लाकूड जिथे चिरते तिथे शाई लागत नाही. कागदावर ती जागा पांढरी राहते. अठराव्या प्रतीतले आकाश मात्र अखंड होते.

धोंडीराम शिरसाठांनी खिशातून भिंग काढले. वय त्रेसष्ट. तंत्रशाळेत शिकून पुढे तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत चौतीस वर्षे मुलांना लेथ आणि कानस शिकवलेला हा माणूस. मोजल्याशिवाय मत द्यायचे नाही, हा त्यांचा नियम घरच्यांच्या चेष्टेचा विषय होता. ज्यांची ही चित्रे, ते भिकन अहिरे त्यांचे पंचवीस वर्षांचे मित्र. अहिऱ्यांचे छापयंत्रही शिरसाठांनीच १९८४ साली उसाच्या चरकाचे दोन जुने रूळ घासून बनवून दिले होते.

“चौथी प्रत अठराव्याच्या आधीची असायला हवी,” अमित पुढे म्हणाला. “आधीचीला फट, नंतरचीला नाही, हे होऊ शकत नाही. म्हणजे ही चौथी प्रत मागाहून छापलेली आहे. अहिरेसर गेले २००० साली. तेव्हापासून हा ठोकळा कोणाकडे आहे?”

“केरूकडे,” आशा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. अहिऱ्यांची ती एकुलती मुलगी, वय तेवीस. “बाबांनीच दिला होता. आठवण म्हणून.”

“आणि सही बघा. थरथरलेली. सरांचा हात असा कधीच नव्हता.”

शिरसाठांनी भिंग उजवीकडे सरकवले. “अठराव्या प्रतीवरचीही सही थरथरलेलीच आहे.”

अमितने वाकून पाहिले. तो हळू आवाजात म्हणाला, “मग दोन्ही नकली. एक फट पडण्याआधी काढली, एक नंतर. क्रमांक कसे घालतात हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं, तिथंच तो फसला.”

केरू भोये हा पेठ तालुक्यातला सुतार. १९९३ सालापासून अहिऱ्यांचे ठोकळे तोच तासायचा, शाई तोच लावायचा, कागद तोच ओढायचा. प्रदर्शनातली सगळी छापचित्रे त्यानंतरचीच, म्हणूनच प्रत्येक छापचित्राखालच्या चिठ्ठीवर ‘मुद्रण : केरू भोये’ असे लिहायचे ठरले होते. नाशकात आजवर कोणी कोणाला असा मान दिलेला नव्हता.

“त्याचं नाव मी काढायला सांगितलंय,” आशा म्हणाली. “राखी बांधायचे मी त्याला, काका. काल फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलं.”

“उद्घाटन केव्हा?”

“शुक्रवारी. संध्याकाळी सहाला.”

“चिठ्ठ्या छापून झाल्या?”

“गुरुवारी द्यायच्या आहेत.”

“मग गुरुवारपर्यंत थांब,” शिरसाठ म्हणाले आणि त्यांनी पोलादी पट्टी काढून चौथ्या प्रतीवरची फट मोजली. वहीत पहिला आकडा पडला : एकोणचाळीस मिलिमीटर.

२

अहिऱ्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांच्याकडे शिरसाठ त्याच दुपारी गेले. घरामागची पत्र्याची खोली अजून तशीच होती. शाईचा आणि अळशीच्या तेलाचा वास भिंतींत मुरलेला. एका कोपऱ्यात यंत्र, त्याच्या चाकाला घडी घालून अडकवलेला केरूचा जुना सदरा.

“तो सदरा मी काढू दिला नाही,” सावित्रीबाई म्हणाल्या. “आशा म्हणते, फेकून दे. मी म्हटलं, कपाट तुझं, खोली माझी.”

“वहिनी, तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं, भाऊजी? सात वर्षं जेवला माझ्या हातचं. भाजीत मीठ पडायचं राहिलं तरी सांगायचा नाही. ह्यांच्या शेजारी पाट मांडून बसायचा. एका उन्हाळ्यात तर अशी गंमत होती, एकाला ताट वाढायचं आणि एकाला घास भरवायचा.” त्या हसल्या आणि लगेच पदराने डोळे टिपू लागल्या.

म्हातारपणच्या लाडाच्या गोष्टी, असे मनाशी म्हणून शिरसाठांनी नजर दुसरीकडे वळवली. भिंतीवर अहिऱ्यांचे सगळे आयुष्य टांगलेले होते. सटाण्याहून नाशकाला आल्यावर काढलेली जलरंगातली चित्रे. शाळेत चित्रकला शिकवत असतानाची पेन्सिलीची रेखाटने. मग छापयंत्र आल्यावरचे तांबट, द्राक्षाच्या पेट्या भरणाऱ्या बायका, नाशिकच्या द्वारका चौकात उभ्या ट्रकांच्या ओळी. रंग कमी होत गेले होते आणि माणसे वाढत गेली होती. ‘चित्र एकाच्या भिंतीवर जातं. छाप वीस भिंतींवर जाते,’ असे अहिरे म्हणायचे. रविवारी सकाळी दोघे इथेच बसत. एक रूळ पुसायचा आणि दुसरा चहा गाळायचा. १९९४ साली शिरसाठांची धुळ्याला बदली झाली आणि ते रविवार संपले. अठ्ठ्याण्णवमध्ये निवृत्त होऊन ते परतले तोवर अहिरे थकले होते.

“लासलगावचं चित्र कोणत्या सालचं?” त्यांनी विचारले.

“देवऱ्यांच्या सूचीत अठ्ठ्याण्णव लिहिलंय. तेही अंदाजानं. पण ह्यांच्या कपाटात गोष्टी वर्षानुवर्षं पडून राहायच्या. मला काही साल सांगता यायचं नाही.”

३

सोमवारी सकाळच्या एसटीने शिरसाठ करंजाळीला उतरले आणि तिथून पाऊण तास चालून केरूच्या पाड्यावर पोहोचले. केरू अंगणात नांगराचे जू तासत होता. त्याने पाहिले, वाकस खाली ठेवली आणि बाज पुढे ओढली.

“बसा, सर. चाय करायला सांगतो.”

“केरू, आशा काय बोलली ते मला कळलं.”

“तुम्हाला एकट्याला नाय, साऱ्या पाड्याला कळलं. फोन किराणा दुकानात हाय. दुकानात दहा माणसं उभी. ती तिकडून चोर म्हणते आन इकडं मी हां ताई, हां ताई करतोय.” त्याने अंगावरचा भुसा झटकला. “माझ्या पोरीनं विचारलं, बाबा, तू काय चोरलं?”

 शिरसाठांनी वही उघडली.

“मला फक्त विचारतो त्याचं उत्तर दे. ती फट कधी पडली?”

“छापताना. उन्हाळा होता. लाकूड सुकं. पहिले सहा कागद झाक आले. सातव्याला वरच्या कडंला जराशी रेघ दिसली. मंग दर कागदाला वाढत गेली. गुरुजींना म्हटलं, थांबू का? तर ते म्हणाले, ‘लाकूड बोली राहिनं, बोलू दे तेले.’” अहिऱ्यांची अहिराणी त्याने हुबेहूब काढली आणि दोघेही नकळत हसले.

सातव्याला! शिरसाठांचे हसू तिथेच विरले. फट सातव्या कागदावर सुरू झाली असेल, तर चौथ्या प्रतीत ती कुठून आली? केरूने स्वतःच्या तोंडाने अमितच्या बाजूने साक्ष दिली होती.

“गुरुजी तिथंच होते?”

“खुर्चीवर बसून. म्हणाले, ‘ही सगळी तू ओढ, मी बघतो.’ पहिल्यांदाच असं झालं. मी एकट्यानं वीस काढले. तारेवर लावले तर वाऱ्यानं उडायला लागले. म्हणून एकावर एक रचले आन मधी त्या त्या दिवसाचा पेपर घातला.”

“सह्या, आकडे केव्हा झाले?”

“ते मी पाहिलं नाय. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता, मी गावी आलो.”

“आणि ठोकळा?”

केरू आत गेला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला ठोकळा घेऊन आला. देव्हाऱ्यातून काढावा तसा त्याने तो दोन्ही हातांवर धरला होता. शिरसाठांनी फटीवर पट्टी ठेवली. बरोबर पन्नास मिलिमीटर.

“नंतर कधी छापलंस यावरून?”

“सर,” केरू शांतपणे म्हणाला, “मी हो म्हटलं तर तुम्ही लिहून घ्याल. नाय म्हटलं तरी लिहून घ्याल. मंग मोजा ना. तुम्हाला मोजता येतं.”

४

मंगळवार आणि बुधवार शिरसाठांनी मोजण्यात घालवले.

सूचीच्या कागदांत मालकांचे पत्ते होते. गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांकडे चौदावी प्रत होती. रोगी बसतात त्या बाकासमोर टांगलेली. ‘पोरं रडायची थांबतात, ट्रॅक्टर मोजत बसतात,’ असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लासलगावात एका अडत्याच्या पेढीवर अकरावी. अडत्याने चित्रातल्या बोली पुकारणाऱ्या माणसावर बोट ठेवले. “हे आमचे वडील. अहिरे मास्तर दोन दिवस ओट्यावर बसून होते. वडील म्हणाले, चित्र काढतोस की कांदा घेतोस? मास्तर म्हणाले, कांदा काढतोय, चित्र तुम्ही घ्या.” बाहेर लिलाव चालू होता आणि आतल्या भिंतीवर तोच लिलाव गोठून राहिला होता. द्वारकेला एका ट्रान्सपोर्ट कचेरीत सातवी प्रत सापडली. काचेवर डिझेलचा धूर बसलेला, पण कागद स्वच्छ.

प्रत्येक ठिकाणी शिरसाठांनी पट्टी लावली. प्रत केव्हा घेतली, याची नोंद मात्र कोणाकडेच नव्हती. बुधवारी दुपारी त्यांनी घरी आलेखाचा कागद पसरला. आडव्या रेषेवर प्रतींचे क्रमांक, उभ्या रेषेवर फटीची लांबी. अठरावी प्रत : शून्य. चौदावी : तीन मिलिमीटर. अकरावी : चौदा. सातवी : अठ्ठावीस. चौथी : एकोणचाळीस.

पाचही बिंदू शिस्तीत उभे होते. पण उलटे! क्रमांक जितका लहान, तितकी फट मोठी.

त्यांनी पट्टी ठेवून ती रेघ पहिल्या क्रमांकापर्यंत लांबवली. उत्तर आले पन्नास. ठोकळ्यावरची फटही पन्नासच होती. प्रत्येक कागदामागे ती सुमारे साडेतीन मिलिमीटरने वाढत होती, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या प्रतीनंतर त्या ठोकळ्यावरून एकही कागद निघालेला नव्हता. आणि वीसपासून उलटे मोजले, तर चौदावी प्रत म्हणजे बरोबर सातवा कागद. केरू खरे बोलत होता.

वीस कागद एका ओळीने निघाले होते आणि त्यांवर आकडे उलट्या बाजूने पडले होते. पण हे निघाले केव्हा? सगळेच अहिऱ्यांच्या मागे निघाले असतील तर?

सातवी प्रत त्यांनी चौकटीतून सोडवून आणली होती. कागद ओलसर असताना छापतात. मध्ये घातलेला ताजा पेपर आपली थोडी शाई त्याच्या पाठीला देऊन जातो. जुन्या रद्दीची शाई अशी उठत नाही. शिरसाठांनी प्रत उलटी केली, खिडकीशी धरली आणि बायकोचा आरसा समोर ठेवला. करडी, धूसर अक्षरे सरळ झाली : ‘रविवार, १२ मे’.

साल कागदाच्या कडेबाहेर राहिले होते.

त्यांनी हिशेब मांडला. १९९८ साली बारा मे मंगळवारी आला होता. म्हणजे सूचीतले साल चुकीचे. केरू नाशकात आल्यानंतर बारा मे रविवारी आला तो फक्त दोनदा. एकदा १९९६ मध्ये.

आणि दुसऱ्यांदा २००२ मध्ये. अहिरे जाऊन दोन वर्षे झाल्यावर.

५

गुरुवारी सकाळी अकरा वाजता सभागृहात चौघे जमले : आशा, सावित्रीबाई, अमित आणि शिरसाठ. आलेख टेबलावर पसरला होता. शिरसाठांनी वर्गात शिकवावे तसे सगळे सांगितले. आधी फटीची लांबी, मग उलटा क्रम, मग आरशातली तारीख.

“पण दोन हजार दोन शक्य आहे,” अमित म्हणाला. “किंबहुना तेच शक्य आहे. थरथरलेली सही नक्कल करणाऱ्याचीच असणार.”

“सहीकडेच येतो. भिंग घे. सही थरथरलेली आहे. पण तिच्या शेजारचा आकडा?”

अमितने बराच वेळ पाहिले. “आकडा गोल आहे. स्थिर.”

“अहिऱ्यांच्या इतर छापचित्रांवर सही आणि आकडा एकाच हातचा आहे, मी तपासलाय. इथं दोन हात आहेत. नक्कल करणारा सहीसाठी एक माणूस आणि आकड्यासाठी दुसरा माणूस कशाला बोलावील? एकाला सही करणं अवघड जात होतं, म्हणून आकडे दुसऱ्यानं घातले. काल संध्याकाळपर्यंत मला हे कळत नव्हतं, कारण एक प्रश्न मी केरूला विचारलाच नाही. अहिरे स्वतः खुर्चीवर का बसून राहिले?” ते सावित्रीबाईंकडे वळले. “वहिनी, त्या उन्हाळ्यात घास कोणाला भरवत होतात?”

“ह्यांनाच की. उजवा हात मोडला नव्हता का? सायकलवरून पडले. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर.”

“कोणत्या साली?”

“साल कशाला लागतं? आशीची दहावी झाली ती सुट्टी. निकालाची वाट बघत होतो.”

“मी शहाण्णवला दहावी झाले,” आशा सावकाश म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. ती खाली वाकली आणि चौथ्या प्रतीवरच्या ‘४’ या आकड्याकडे टक लावून पाहू लागली. बाजूलाच तिने स्वतः लिहिलेली मांडणीची यादी पडली होती. यादीतला ‘४’ही तसाच गोल होता, भिंग लागत नव्हते.

“आशा,” शिरसाठ हळू आवाजात म्हणाले, “त्या सुट्टीत बाबांची पेन्सिल कोणाच्या हातात होती?”

“माझ्या.” तिने यादी चौथ्या प्रतीशेजारी ठेवली. “बाबा प्लास्टरमधून बोटं काढून कशीबशी सही करत होते. म्हणाले, आशे, आकडे तू घाल, मला जमत नाही. मी गठ्ठा समोर घेतला आणि वरून सुरुवात केली. एक, दोन, तीन...”

“गठ्ठ्यात वर काय असतं?”

“शेवटी ठेवलेला कागद,” ती म्हणाली. “केरूदादानं सगळ्यात शेवटी छापलेला.”

 अमितने सूची उघडली, ‘१९९८’वर काट मारली आणि ‘१९९६’ लिहिले. “मी चूक केली, काका. चिरेचं बरोबर वाचलं, पण गठ्ठ्याचा विचारच केला नाही.”

“तारेवर वाळत घालणाऱ्या माणसांनी घातलेले आकडे तू आयुष्यभर पाहिलेस. गठ्ठ्याच्या वरून आकडे घालणारी ही पहिलीच. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.”

आशा मात्र ऐकत नव्हती. “मी माझ्या हातानं आकडे उलटे घातले,” ती म्हणाली, “आणि त्याच आकड्यांवरून त्याला चोर म्हणाले. दहा माणसांसमोर.”

“मग आता फोनही दहा माणसांसमोरच कर,” सावित्रीबाई म्हणाल्या. “दुकानात संध्याकाळी गर्दी असते.”

संध्याकाळी सहा वाजता आशाने फोन लावला आणि दुकानदाराला आधीच सांगितले, की मी बोलेन ते तिथल्या सगळ्यांना मोठ्याने सांगायचे. ती बोलली, पलीकडे दुकानदाराने वाक्यामागून वाक्य पुकारले. चूक माझी होती. केरू भोये यांनी काही चोरले नाही. आकडे मीच घातले होते. मग केरूचा आवाज आला.

“ऐकलं, आशाताई. पोरगी पण हिथंच हाय, तिनंबी ऐकलं.”

“दादा, उद्या येशील?”

 आशाच्या हातातली फोनची तार पिळून पिळून वेटोळी झाली होती.

“येतो,” केरू म्हणाला. “पण शिरसाठ सरांना सांग, मोजताना माझ्या ठोकळ्यावर पेन्सिलची खूण करून गेलेत. ती त्यांनीच पुसायची.”

शुक्रवार, १० जानेवारी २००३. संध्याकाळचे सहा. सभागृहात माणसे मावत नव्हती. केरूच्या हाताला धरून त्याची मुलगी प्रत्येक छापचित्रापुढे थांबत होती आणि चिठ्ठीवरची शेवटची ओळ बोट ठेवून वाचत होती. अठरा रंगचित्रे तिने वगळली. बापाचे नाव तिने वाचले ते एकूण त्रेचाळीस वेळा.